सोलापूर ते सोलंग : एका कौटुंबिक नियोजनाची मीमांसा

सोलापूर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर वसलेले असून उन्हाळ्यात तेथील पारा चाळीस अंशांच्या वर जाणे ही नित्याची बाब मानली जाते. त्यामुळे या शहरातील मध्यमवर्गीय कुटुंबाला बर्फाविषयी जी ओढ वाटते, तिचे मूळ निसर्गप्रेमात शोधण्यापेक्षा एप्रिलमधील दुपारी, वीज गेलेल्या घरात शोधणे अधिक शास्त्रशुद्ध ठरते. या ओढीतून स्वतःच्या गाडीने थेट हिमाचल प्रदेशात जाण्याचा, तेथील सोलंग दरीत पायांना लांब, अरुंद पट्ट्या बांधून उतारावरून घसरत जाण्याचा, म्हणजेच स्कीइंगचा, बेत जन्माला येतो. अशा बेतांपैकी बहुसंख्य बेत प्रत्यक्ष प्रवासाविनाच पूर्णत्वाला पोहोचतात, आणि म्हणूनच त्यांचा अभ्यास प्रवासवर्णनाच्या नव्हे, तर कुटुंबव्यवस्थेच्या अंगाने करावा लागतो.

या संपूर्ण प्रकरणाला राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५२ जबाबदार आहे, असे म्हटल्यास वावगे ठरू नये. हा महामार्ग पंजाबातील संगरूर येथे सुरू होऊन हिसार, जयपूर, कोटा, इंदूर, धुळे, छत्रपती संभाजीनगर, बीड आणि सोलापूर या क्रमाने दक्षिणेकडे उतरत विजयपूर, हुबळीमार्गे कर्नाटकातील अंकोल्याला समुद्राजवळ संपतो आणि त्याची एकूण लांबी २३०० किलोमीटरांहून अधिक भरते. आपल्या घराजवळून जाणाऱ्या रस्त्याचे दुसरे टोक पंजाबात आहे, हे एकदा कळले की सोलापूरकराच्या मनातील अंतराची कल्पना कायमची बिघडते. मनाली दोन हजार किलोमीटरांहून दूर आहे, ही हरकत घेणाऱ्याला “सरळ रस्ता आहे की! नुसतं स्टिअरिंग धरून बसायचं” असे उत्तर मिळते आणि त्या उत्तरापुढे नकाशा, घाट, वय व मधुमेह यांपैकी कशाचाच निभाव लागत नाही.

तुलनेसाठी फ्रान्सचे उदाहरण घेता येईल. त्या देशाच्या उत्तर किनाऱ्यावरील कॅले बंदरापासून आल्प्स पर्वतातील उतारांपर्यंतचे अंतर सुमारे हजार किलोमीटर, म्हणजे सोलापूरकराच्या बेताच्या निम्म्याहूनही कमी आहे. तरीही त्या प्रवासामागे अख्खे सरकार उभे असते. शाळांच्या फेब्रुवारीतील हिवाळी सुट्ट्या देशाचे तीन विभाग पाडून आलटून पालटून दिल्या जातात, जेणेकरून सर्व कुटुंबे एकाच शनिवारी डोंगराकडे धावणार नाहीत. १९७६ पासून चालत आलेली ‘बिझाँ फ्यूते’ नावाची वाहतूक-सल्ला सेवा प्रत्येक गर्दीच्या दिवसाला हिरवा, नारिंगी, लाल किंवा काळा रंग देते आणि काळ्या दिवशी शहाण्या माणसाने घरीच बसावे असे सुचवते. डोंगराळ जिल्ह्यांत १ नोव्हेंबर ते ३१ मार्च या काळात गाडीला हिवाळी टायर किंवा सोबत चाकांच्या साखळ्या असणे २०२१ पासून बंधनकारक झाले आहे. थोडक्यात, तेथे प्रवासाचे नियोजन शासन करते व कुटुंब फक्त गाडीत बसते. सोलापुरात मात्र हे सारे कार्य अप्पा, काका, आत्या आणि एक भ्रमणध्वनी-समूह यांच्यावर येऊन पडते.

पहिला वाद तिथीचा असतो. बर्फ मुबलक असतो तो जानेवारीत; परंतु जानेवारीत, मकर संक्रांतीच्या सुमारास, ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांची यात्रा भरते. सात नंदीध्वजांची मिरवणूक, सम्मती कट्ट्यावरील अक्षता सोहळा आणि होम मैदानावर भरणारी जत्रा, जिला गावात सर्रास ‘गड्डा’ म्हणतात, हे सारे सोडून गावाबाहेर जाणारा माणूस सोलापूरचा असू शकतो काय, हा प्रश्न आजी ज्या स्वरात विचारतात, त्या स्वराला उत्तर नसते. शिवाय पांढरेशुभ्र पाहण्याचीच हौस असेल तर त्या दिवसांत रस्तोरस्ती बाराबंदी, म्हणजे बंदांनी बांधायचा पारंपरिक पांढरा अंगरखा, घातलेले हजारो भक्त दिसतात आणि त्यासाठी टोल भरावा लागत नाही, असाही युक्तिवाद पुढे येतो. फेब्रुवारीत फ्रान्समधील मुले उतारावर असतात, तेव्हा महाराष्ट्रातील मुले बारावीच्या परीक्षागृहात असतात आणि दहावीची मुले त्यांच्या मागोमाग रांगेत असतात. आणि ज्या घरात त्या वर्षी कोणीही दहावी-बारावीला नाही, असे एकत्र कुटुंब अद्याप संशोधकांच्या पाहण्यात आलेले नाही. दिवाळीची सुट्टी लांबलचक खरी, पण तेव्हा सोलंगच्या उतारावर बर्फाऐवजी गवत असते. उरतो मे महिना.

मे महिन्याचा निर्णय सर्वानुमते झाल्यानंतर काही आठवड्यांनी घरातील महाविद्यालयीन मुलगी असा शोध लावते की सोलंगचा बर्फ मे येईपर्यंत बहुधा वितळून गेलेला असतो आणि मग सुमारे चार हजार मीटर उंचीच्या रोहतांग खिंडीपर्यंत चढावे लागते. बेताचे नाव मात्र ‘सोलापूर ते सोलंग’ असेच राहते, कारण समूहाला ते नाव देऊन झालेले असते व त्यावर गणपतीचे चित्रही चढलेले असते.

मार्गनियोजन हा या विषयातील सर्वांत समृद्ध विभाग होय. येथे ‘वाटेतच तर आहे’ हे तत्त्व लागू होते, ज्याची व्याख्या अशी करता येईल की मूळ मार्गापासून शंभर किलोमीटरांच्या परिघातील कोणतेही देवस्थान हे मार्गावरच आहे असे मानले जाते, मात्र त्याच परिघातील किल्ला, संग्रहालय किंवा बरे शौचालय यांना ही सवलत मिळत नाही. तत्त्वाची पहिली अंमलबजावणी सोलापूरपासून अवघ्या पंचेचाळीस किलोमीटरांवर, तुळजापूर येथे होते. कुलस्वामिनीच्या दारावरून गाडी तशीच पुढे नेणे अशक्य असल्यामुळे दोन हजार किलोमीटरांच्या प्रवासातील पहिला मुक्काम-सदृश थांबा प्रवासाच्या पहिल्या तासातच पडतो आणि दर्शन, ओटी, नाश्ता व हरवलेली चप्पल या चारही गोष्टी उरकेपर्यंत सूर्य डोक्यावर येतो. पुढे वेरूळला घृष्णेश्वर आहेत, जे औट्रम घाटाच्या अलीकडे अगदीच वाटेत येतात; इंदूरपासून उज्जैनचे महाकाल तासाभराच्या अंतरावर आणि ओंकारेश्वर त्याहून थोडे लांब; राजस्थानात सीकरच्या अलीकडे खाटू श्याम. अशा रीतीने, उतारावरून घसरण्यासाठी काढलेल्या सहलीत अर्ध्या वाटेपर्यंतच तीन ज्योतिर्लिंगे जमा होतात. यांपैकी काही स्थानांबाबत ‘येताना बघू’ असा ठराव करून चर्चा तात्पुरती मिटवली जाते. या ठरावाचे परिणाम पुढे दिसून येतात.

देवांची समजूत काढता येते, नातेवाइकांची काढता येत नाही. होळकरशाहीपासून इंदुरात मराठी कुटुंबांची मोठी वस्ती असल्याने सोलापूरच्या कुठल्याशा शाखेतील एखादी आत्या तेथे हमखास निघतेच. तिच्या गावावरून जाऊन हॉटेलात उतरणे हा अपराध मानला जातो, तिच्या घरी फक्त चहा घेऊन निघणे हा त्याहून मोठा अपराध ठरतो, आणि रात्री उतरून सकाळी पोहे-जिलेबी खाऊन निघण्याची योजना आत्याबाईंना कळताच “एवढ्या लांबून आलात ते काय तोंड दाखवायला?” या वाक्यासरशी एक संपूर्ण दिवस इंदूरच्या नावे लिहून टाकावा लागतो.

वाहनाचा विचार यानंतर येतो, वास्तविक तो आधी यायला हवा होता. सोलापुरात गाडीची योग्यता ‘अ‍ॅव्हरेज’ या एका कसोटीवर ठरते, म्हणजे एका लिटरमध्ये ती किती किलोमीटर धावते यावर. आणि या कसोटीवर घरातील जुनी, सात जणांची डिझेल गाडी अप्पांच्या मते अजिंक्य असते. तथापि रोहतांगला दिवसाकाठी केवळ १२०० पर्यटक वाहने सोडण्याची मर्यादा राष्ट्रीय हरित लवादाने घातली असून त्यांपैकी ८०० पेट्रोलवरील व ४०० डिझेलवरील असतात, परवाना आधी ऑनलाइन काढावा लागतो आणि दर मंगळवारी रस्ता डागडुजीसाठी बंद असतो. शिवाय याच लवादाच्या २०१५ मधील आदेशामुळे दहा वर्षांहून जुन्या डिझेल गाडीला दिल्लीत शिरताना धास्ती वाटते, म्हणून दिल्ली टाळून हिसार-कैथलवरून जावे असा काकांचा आग्रह असतो. अप्पांना हा सारा त्यांच्या गाडीचा व्यक्तिगत अवमान वाटतो, आणि त्या दिवशीची बैठक कोणताही निर्णय न होता, परंतु भरपूर चहा होऊन, बरखास्त होते.

तांत्रिक सज्जतेचे श्रेय काकांनी पाहिलेल्या चित्रफितींना द्यावे लागते. उन्हाळ्यात रेडिएटरमध्ये नळाचे पाणी ओतून काम भागवणाऱ्या शहरात प्रथमच ‘कूलंट’ या द्रवाची चर्चा होते, ज्यातील ग्लायकॉलमुळे पाण्याचा गोठणबिंदू शून्याच्या बराच खाली जातो. टायरचे रबर सात अंशांखाली कडक होऊ लागते हेही सर्वांना सांगितले जाते, आणि ज्यांनी सोलापुरात सात अंश कधी अनुभवलेले नाहीत ते गंभीरपणे मान डोलावतात. बर्फात पकड मिळावी म्हणून चाकांना बांधायच्या साखळ्यांची मागणी सुट्या भागांच्या दुकानात नोंदवल्यावर दुकानदार बंद पडलेली गाडी ओढण्याची साखळी काढून समोर ठेवतो व “याच्यापेक्षा मजबूत मिळणार नाही मालक” अशी ग्वाही देतो. मे महिन्यात यांतील बहुतेक गोष्टींची गरज पडत नाही, हे महाविद्यालयीन मुलगी निदर्शनास आणून देते. तिचे म्हणणे इतिवृत्तात नोंदवले जात नाही.

सामानाच्या यादीत अग्रक्रम खाद्यपदार्थांना मिळतो. ज्वारीची कडक भाकरी, जिच्यातील ओलावा पूर्ण निघून गेलेला असल्याने ती पुष्कळ दिवस टिकते, शेंगांची चटणी, धपाटे आणि चिवडा यांचा साठा इतका केला जातो की पंजाबात दुष्काळ पडल्याची बातमी घरात कोणी ऐकली असावी, असा शेजाऱ्यांचा समज होतो. पाठोपाठ येते ती सोलापुरी चादर. भौगोलिक मानांकन मिळालेली ही जाड, सुती चादर या शहराची जगाला ओळख आहे. आणि ज्या गावात ती विणली जाते त्या गावाला तिची गरज वर्षातून फार थोड्या रात्री भासते, ही अर्थशास्त्राने दखल घेण्याजोगी बाब आहे. ओल शोषणारे सुती कापड बर्फात फारसे उपयोगाचे नसते, तरीही माणशी एक आणि भेटीदाखल द्यायला चार अशा हिशेबाने चादरी टपावरच्या कॅरिअरवर चढतात. लोकरी कपडे केदारनाथला जाऊन आलेल्या साडूंकडून उसने आणले जातात. मनालीहून वर जाणाऱ्या रस्त्यावर ओळीने क्रमांक घातलेली दुकाने असून तेथे बर्फातले कोट, गमबूट आणि स्कीच्या पट्ट्यासुद्धा भाड्याने मिळतात, ही माहिती कोणीही विचारात घेत नाही. कारण भाड्याचा कोट आदल्या दिवशी कोणी घातला होता, हे आजींना कळण्याची सोय त्या दुकानांत नसते.

आता दिवसांचा ताळेबंद. शनिवार-रविवार धरून रजा अकरा दिवसांची भरते; रोज साडेपाचशे किलोमीटर तोडल्यास जायला चार व यायला चार दिवस लागतात आणि बर्फासाठी तीन शिल्लक राहतात. यांतील एक इंदूरच्या आत्याबाईंकडे वर्ग होतो. तुळजापूर व उज्जैन मिळून आणखी एक जातो. उरलेला एक दिवस मंगळवार निघतो, म्हणून प्रस्थान एका दिवसाने पुढे ढकलावे असे सुचवले जाते, परंतु मग निघण्याच्या दिवशी अमावास्या येते. अखेरीस मंडी-कुलूच्या घाटात गाडी लागणाऱ्यांनी, म्हणजे वळणांवर ज्यांना मळमळते अशा मंडळींनी, आलेपाक खाऊन वाटेतला एक थांबा कमी करावा व मंगळवारनंतरचा बुधवार रोहतांगला द्यावा, अशी तडजोड निघते. त्या बुधवारी प्रत्यक्ष स्की कोण करणार, याची चाचपणी केल्यावर दोन मुलांखेरीज कोणीही हात वर करत नाही. अप्पांचे गुडघे, काकांचा कंबरदुखीचा पट्टा आणि काकूंची साडी यांचा एकत्रित विचार करता मोठ्यांचे स्कीइंग पट्ट्या पायात अडकवून छायाचित्र काढण्यापुरते मर्यादित राहील, असा निष्कर्ष निघतो.

परतीच्या प्रवासाला आराखड्यात ‘आले तसे परत’ एवढी एकच ओळ दिलेली असते. ती वाचताना आत्या आठवण करून देतात की जाताना ‘येताना बघू’ म्हणून बाजूला ठेवलेली स्थाने अजून बाकी आहेत: खाटू श्याम, ओंकारेश्वर, घृष्णेश्वर. देवाला दिलेला शब्द फिरवायचा कसा, यावर कोणापाशीच उत्तर नसल्याने परतीचे दिवस पाच होतात. रजा वाढवून मागण्याचे धैर्य अप्पांपाशी नसते. तेव्हा ते चष्मा पुसून, रोहतांगचा बुधवार रद्द करून तो परतीला जोडावा, असा प्रस्ताव मांडतात आणि मुलांना मताधिकार नसल्यामुळे तो एकमताने मंजूर होतो.