उशी भिजवण्याचे प्राथमिक धडे

साहित्य: एक उशी, नुकताच धुतलेला अभ्रा आणि मिळाल्यास सर्दी. लाळ बाहेरून आणावी लागत नाही. कानांपुढे, जबड्याखाली आणि जिभेखाली बसलेल्या ग्रंथींच्या तीन मोठ्या जोड्या दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर माल घरपोच देतात.

रात्री लाळ जास्त सुटते, असे नवशिक्याला वाटते. तसे नाही. झोपेत ती फारच कमी सुटते. पण गिळणे त्याहून कमी होते. जागेपणी आपण नकळत घोट गिळत असतो, गाढ झोपेत मात्र कित्येक मिनिटे एकही घोट उतरत नाही. नळ ठिबकतोय आणि मोरी तुंबलीय, असा प्रकार. तेव्हा विद्यार्थ्याने काही करायचे नाही, एवढाच अभ्यासक्रम. (आळशी माणसे यात लवकर पुढे जातात.)

आता पवित्रा. उताणे झोपू नये. सगळी मिळकत घशात जाते. कुशीवर वळून गाल उशीत रुतवावा. पोटभर पुरणपोळी खाऊन लगेच आडवे झाल्यास पोटातले आम्ल वर चढते आणि ते धुऊन काढायला तोंड जादा लाळ सोडते. डाव्या कुशीवर आम्ल कमी चढते, म्हणून महत्त्वाकांक्षी माणसाने वामकुक्षीचा मोह टाळून उजवीकडे वळावे.

तोंड उघडे हवे. नाक चोंदले की ते आपोआप उघडते. नाकाचे हाड वाकडे असेल तर ही सोय बारमाही. जबडा झोपेत सैल पडतोच. तान्ह्या बाळांशी स्पर्धा करू नये, त्यांना लाळेरे बांधलेले असते.

काही औषधांनी, उदाहरणार्थ क्लोझापिनने, हे फुकट साधते. पार्किन्सनमध्येही लाळ गळते, कारण गिळणे मंदावते. मोठेपणी हे नव्यानेच सुरू झाले आणि घास अडकू लागला, किंवा घोरताना श्वास थांबू लागला, तर डॉक्टर गाठावा. अचानक चेहरा एका बाजूला लोंबला, तर थेट रुग्णालय.

बाकीच्यांनी प्रात्यक्षिक सकाळच्या कर्जत लोकलमध्ये करावे. बसल्या बसल्या मान शेजाऱ्याकडे कलली की काम होते. त्याचा खांदा ओला झाल्याचे लक्षात आले, तर दादरला तो उतरेपर्यंत डोळे उघडू नयेत.