तोंडाचे पैसे

नेपरव्हिल, इलिनॉय
संक्रांत, २०२६

ती. आप्पा आणि ती. सौ. आई यांना शि. सा. न. वि. वि.

हेच पत्र दौंडला माहेरीही वाचून दाखवावं. वेगळं लिहायला तुमच्या सुनेला सवड नाही. तसंही शिरूरला शिंक आली की दौंडला कळतंच, मध्ये टपालखात्याची गरज पडत नाही.

पार्सल पोचलं. तिळाच्या वड्यांचा थोडा चुरा झाला, तो धाकटीनं चमच्यानं संपवला. गूळ मात्र शाबूत आला. पार्सलवर ‘भेट’ असं ठळक लिहिलंत ते फार बरं केलंत. गेल्या ऑगस्टपासून इथं बाहेरून येणाऱ्या किरकोळ पार्सललाही जकात लागते. शंभर डॉलरच्या आतली भेट तेवढी सुटते. गुळावर जकात पडली असती तर तुमच्या चिरंजीवांनी ती भरली असती, पण उन्हाळ्यापर्यंत ऐकवली असती.

आता फोनचं. आप्पा, परवा तुमचा फोन आला तेव्हा कुकरची शेवटची शिट्टी व्हायची होती, म्हणून बोलणं अर्धं राहिलं. तुमची तक्रार अशी, की दुपारी जरा डोळा लागला तेवढ्यात येऊन विजेचा मीटर बदलून गेले. आईंची काळजी अशी, की आपण आंघोळ कधी करतो ते म्हणे आता कंपनीला कळतं. तर आईंना सांगा, आंघोळ कळत नाही, गीझर कळतो. आपल्या घरी पहाटे पाचला दोन्ही एकच, हा भाग वेगळा.

महावितरणनं २०२३ मध्ये सव्वादोन कोटी मीटर बदलायची कंत्राटं खासगी कंपन्यांना दिली. प्रीपेडच्या भीतीनं लोकांनी ओरड केली, तेव्हा जून २०२४ मध्ये फडणवीसांनी सामान्य ग्राहकांना प्रीपेड मीटर लावणार नाही असं जाहीर केलं. आता स्मार्ट मीटरच बसतो, फक्त नाव टीओडी, म्हणजे वेळेप्रमाणे दर, आणि बिल पहिल्यासारखं महिन्याच्या शेवटी. सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळात वापरलेल्या विजेला युनिटमागे ८० पैसे ते एक रुपया सवलत आहे. म्हणजे पहाटेचा गीझर नऊनंतर लावला तर पैसे वाचतील. हे आईंना सांगायची छाती तुमच्या सुनेची नाही, ते काम आप्पांनी करावं. पण सवलत द्यायची तर वीज कधी वापरली ते कळायला हवं, आणि ते कळलं की घर कधी उठतं, कधी निजतं, कधी कुलूप लावून जत्रेला जातं हेही कळतं. लोक म्हणतात तसं मीटर जोरात ‘पळतो’ की नाही ते त्यांनाच ठाऊक. त्याला दिसतं मात्र, हे खरं.

गंमत म्हणजे नेपरव्हिल हे गाव याच भांडणापायी कायद्याच्या पुस्तकांत गेलंय. इथली वीज नगरपालिकेची. २०१२ मध्ये तिनं गावभर स्मार्ट मीटर बसवायला घेतले. जानेवारी २०१३ मध्ये दोन बायकांनी मीटरवाल्यांना आडकाठी केली म्हणून पोलिसांनी त्यांना चक्क अटक केली. विरोध करणाऱ्यांची संघटना कोर्टात गेली आणि ऑगस्ट २०१८ मध्ये वरच्या कोर्टाचा निकाल आला. कोर्ट म्हणालं, दर पंधरा मिनिटांचे आकडे गोळा करणं ही घराची झडतीच आहे, पण वाजवी झडती आहे, कारण ती पोलिसांसाठी नाही, विजेच्या कारभारासाठी आहे. आई दर दिवाळीला चिरंजीवांचं कपाट आवरायच्या, तसलाच प्रकार. वर कोर्टानं असंही बजावलं, की उद्या आकडे आणखी बारीक घेतले किंवा दुसऱ्या कामाला वापरले, तर आमचं उत्तर बदलू शकेल. मीटर राहिले ते राहिलेच. ज्याला आकडे पाठवणारा रेडिओ बंद केलेला मीटर हवा त्याला तो मिळतो, पण दरमहा जास्तीचे पैसे भरून. आपल्या घराचं आपल्यापुरतं ठेवायलाही इथं भाडं पडतं.

पिंटूचं जमत आलेलं लग्न मोडलं हे ऐकून वाईट वाटलं. मुलीकडच्यांनी त्याचं इन्स्टाग्राम उघडून गोव्याचे फोटो पाहिले म्हणे. पाहणारच. पूर्वी मुलाची माहिती काढायला चौफुल्याच्या हॉटेलात बसून चहा पाजावा लागायचा, आता मुलगा स्वतःच सगळं मांडून ठेवतो. त्याला ओरडू नका, फोटो काढून टाकायला सांगा.

पिंटूच्या फोटोवरून तोंडाचे पैसे आठवले. ही गोष्ट मोठ्या आत्यांना मुद्दाम सांगायची आहे. आमच्या लग्नात त्या म्हणाल्या होत्या ना, ‘मुलगा हुशार आहे, तोंडाकडे बघू नका.’ तर त्या तोंडाचे ३९७ डॉलर आले. मे २०२२ मधले तीस हजार रुपये! झालं असं, की दुकानात बोट टेकवून पैसे चुकते करायची सोय देणारी ‘पे बाय टच’ नावाची कंपनी बुडाली, आणि तिच्याकडच्या बोटांच्या ठशांचं पुढं काय होणार या धास्तीनं इलिनॉयनं २००८ मध्ये कायदा केला. लेखी संमतीशिवाय कुणाचे ठसे, बुबुळ किंवा चेहऱ्याचं माप घ्यायचं नाही. घेतलंत तर ज्याचा चेहरा तोच खटला भरू शकतो, आणि निष्काळजीपणाला एक हजार, मुद्दाम केलं तर पाच हजार डॉलर. फोटो टाकला की ‘हा अमुक का?’ असं फेसबुक विचारायचं, आठवतं? ते चेहऱ्यांची मापं घेतल्याशिवाय होत नव्हतं. खटला झाला, चूक कबूल न करता फेसबुकनं ६५ कोटी डॉलर मोजले आणि इलिनॉयच्या लाखो अर्जदारांत त्यातले पैसे वाटले गेले. नंतर गुगल फोटोजच्या अशाच खटल्यात माणशी ९५ डॉलर मिळाले. तोंड तेच, पण बाजारभाव पडला. तेही आत्यांना कळवा, नाहीतर उगीच हरभऱ्याच्या झाडावर चढतील.

दौंडच्या बाबांसाठी रेल्वेची बातमी. तुमचे जावई रोज शिकागोला जातात ती लोकल बीएनएसएफ या मालगाड्यांच्या कंपनीच्या रुळांवरून धावते. त्या कंपनीच्या यार्डात शिरताना ट्रकवाल्यांना फाटकावर बोटाचा ठसा द्यावा लागायचा, लेखी संमती कुणी घेतली नव्हती. ऑक्टोबर २०२२ मध्ये शिकागोच्या ज्यूरीनं कंपनीला दोषी ठरवलं. ४५,६०० वेळा कायदा मोडला, दर वेळचे पाच हजार, म्हणजे २२ कोटी ८० लाख डॉलर. पुढं न्यायाधीशांनी रकमेचा फेरविचार करायला सांगितलं आणि साडेसात कोटींवर तडजोड झाली. फाटक उभारून ठसे घ्यायचं काम दुसऱ्याच एका ठेकेदाराचं होतं, ही सबब काही चालली नाही. बाबा म्हणतील, दौंड यार्डात ठेकेदाराचं नाव पुढं करून किती जण सुटले!

धुण्याचं मशीन झाल्याचा निरोप फोनवर आला, जाऊन येते तुमची सून.

आली. तर आता गाडीचं ऐका, म्हणजे इथल्या महागाईची कल्पना येईल. इथं कधी कधी उणे वीस तापमान असतं. स्वयंपाकघरात उभं राहून फोनवरून गाडी चालू करायची, ती गरम होते, मग बसायचं. गाडी घेतली तेव्हा ही सोय फुकट होती. मुदत संपली आणि निरोप आला, आता महिन्याला आठ डॉलर. सातशेच्या वर रुपये झाले! कशाचे? तर स्वतःच्या गाडीला स्वतःच्या दारात चालू करण्याचे. किल्ली खिशात, गाडी नावावर, हप्ते खात्यातून, आणि बटण मात्र कंपनीचं. चिरंजीवांनी बाणेदारपणे नकार दिला. तेव्हापासून ते रोज पहाटे फावडं घेऊन बर्फात उतरतात आणि परत आल्यावर आठ डॉलरचा हिशेब मांडतात. कंपनीचं नाव लिहीत नाही, सगळ्यांची जात एकच. बीएमडब्ल्यूनं २०२२ मध्ये काही देशांत आधीच बसवलेली गरम सीट चालू करायला महिन्याचं भाडं लावलं होतं. इतका बभ्रा झाला की पुढच्या वर्षी गुंडाळलं.

भाडं परवडलं, पण चहाडी नको. जनरल मोटर्सच्या गाड्या कोण कुठं जातो, कचकन ब्रेक कितीदा मारतो, रात्री उशिरा किती फिरतो, याची टिपणं ठेवत होत्या आणि ती विमा कंपन्यांना माहिती पुरवणाऱ्यांपर्यंत जात होती. मार्च २०२४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सनं हे छापलं तेव्हा आपला विमा एकाएकी का महागला ते कित्येकांना कळलं. जानेवारी २०२५ मध्ये केंद्रीय व्यापार आयोगानं कंपनीवर पाच वर्षं असली माहिती पत आणि विम्याची माहिती पुरवणाऱ्या संस्थांना द्यायची बंदी घालायचं ठरवलं. आप्पा, तुमच्या स्कूटरला हे यंत्र नाही हे नशीब. न्हावऱ्याच्या रस्त्यावरच्या कुत्र्यांपायी तुम्हाला जगात कुणी विमा दिला नसता.

बापूंचा ट्रॅक्टर घ्यायचा विचार पक्का झाला का? त्यांना सांगा, सणसवाडीत ज्यांचा कारखाना आहे त्या हिरव्या ट्रॅक्टरवाल्या जॉन डिअरचं मूळ घर मोलीनला, इथून मोटारीनं दोन-अडीच तासांवर. म्हणजे शिरूर तालुका आणि इलिनॉय हे सोयरे आधीपासूनच आहेत, चिरंजीवांनी नवं काही केलं नाही. पण या सोयऱ्याचं घरात भांडण चाललंय. नव्या मोठ्या यंत्रांत संगणक असतो, तो उघडायचं पूर्ण सॉफ्टवेअर फक्त डीलरकडं, त्यामुळं दुरुस्तीला त्याच्याच दारात जावं लागतं, अशी तक्रार करून केंद्रीय व्यापार आयोग, इलिनॉय आणि मिनेसोटा यांनी जानेवारी २०२५ मध्ये कंपनीवर खटला भरला. कोलोरॅडोनं तर २०२३ मध्येच शेतकऱ्याला आपलं यंत्र आपण दुरुस्त करायचा हक्क कायद्यानं दिला. शिवाय २०२२ मध्ये रशियन सैनिकांनी युक्रेनच्या मेलितोपोलमधल्या डीलरकडची यंत्रं पळवून थेट चेचन्याला नेली, तिथं ती चालूच होईनात, कारण ती दुरूनच बंद केलेली होती. चोरांची जिरली हे उत्तम झालं. पण ऐन ऊसतोडीत बंद करायचं बटण आपल्याकडं नसून दुसऱ्याकडं आहे, एवढं बापूंनी ध्यानात घ्यावं. घेण्याआधी एकच विचारावं, न्हावऱ्याचा मिस्त्री हा उघडू शकतो का?

आता कॅमेऱ्याचं. पिंपरखेडला गेल्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात बिबट्यानं माणसांवर जे हल्ले केले, त्यानंतर चिरंजीवांना झोप लागेना म्हणून त्यांनी शिरूरच्या दारावर कॅमेरा बसवून घेतला. बिबट्या अजून दिसलेला नाही. दिसतात त्या आई. तिथं सकाळचे साडेसहा, इथं आदल्या संध्याकाळचे सात, जेवणाची वेळ. सडा पडतो, मग ठिपके, एखादा ठिपका चुकला की अंगठ्यानं पुसून पुन्हा. मागं आप्पा मफलर गुंडाळून दूधवाल्याशी पाण्यावरून वाद घालताना. थोरला तेवढ्यापुरता गेम बंद करतो. धाकटी ‘आजी, वर बघ’ म्हणून ओरडते, आणि आजीला ऐकू जात नाही तेव्हा घास तोंडात तसाच राहतो. तुमचे चिरंजीव अशा वेळी मीठ आणायला उठतात. मीठ ताटाशेजारीच असतं.

त्या दहा मिनिटांसाठी कॅमेऱ्याची कंपनी दरमहा पैसे घेते. ती दहा मिनिटं तिची माणसंही बघू शकतात का, हे करारात कुठं लिहिलंय ते चिरंजीवांना अजून सापडलेलं नाही. अमेझॉनच्या ‘रिंग’ कॅमेऱ्यांची चित्रं कंपनीचे नोकर आणि कंत्राटी माणसं बघू शकत होती, त्याबद्दल मे २०२३ मध्ये ५८ लाख डॉलर भरायची पाळी कंपनीवर आली. त्यामुळं परवा आईंनी वैतागून कॅमेऱ्यावर परडी पालथी घातली, त्यात त्यांचं काही चुकलं नाही. फक्त विनंती एवढीच, की रात्री बिबट्यासाठी आणि सकाळी नातवंडांसाठी परडी काढावी. दुपारी खुशाल घालावी.

आप्पांनी विचारलं होतं, आपल्याकडं याला कायदा नाही का? आहे. खासगीपण हा मूलभूत हक्क आहे, असं सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमुखानं सांगितलं. वैयक्तिक माहितीचा कायदा २०२३ मध्ये झाला, नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडलं, आणि मुख्य कलमं लागू व्हायला त्यापुढं अठरा महिने. दंड अडीचशे कोटींपर्यंत, ऐकायला भरघोस. पण तो जातो सरकारच्या तिजोरीत. ज्याची माहिती फुटली त्याला कंपनीकडून भरपाई मागायचं जुनं कलम तर हा कायदा पूर्ण लागू झाला की जाणारच आहे. उलट ग्राहकानं खोटी तक्रार केली तर त्यालाच दहा हजारांपर्यंत दंड. इथं तोंडाचे पैसे तोंडवाल्याला मिळाले. आपल्याकडं तोंड आपलं आणि दंड सरकारचा.

म्हणून भरपाईची वाट न बघता आधीच हात आखडता घ्यावा. कुणी ठसा, फोटो किंवा नंबर मागितला तर दोनच प्रश्न विचारा: कशाला हवा, आणि किती दिवस ठेवणार? दुकानदार म्हणाला नंबराशिवाय बिल होत नाही, तर त्याला सांगा, मोबाइल नंबरासाठी गिऱ्हाइकाला अडवायचं नाही असं केंद्राच्या ग्राहक खात्यानं मे २०२३ मध्ये बजावलेलं आहे. नंबर देऊ नका आणि बिल घेतल्याशिवाय दुकानाची पायरी उतरू नका.

तुमची,
सून