वाणाची पिशवी आणि बंदाचा प्रश्न

भिवंडीत कापडाची टंचाई नाही. लाखो यंत्रमाग खडखडत असतात आणि कोऱ्या कापडाचे तागे टेम्पो भरभरून बाहेर पडतात. टंचाई असते ती सरळ टीप मारणाऱ्या हातांची, निदान संक्रांतीच्या तोंडावर.

२०१८ साली राज्यात प्लॅस्टिक पिशव्यांवर बंदी आली आणि बऱ्याच घरांत हळदीकुंकवाच्या वाणाला ‘घरी शिवलेली’ कापडी पिशवी शोभू लागली. माळ्यावरचं मशीन खाली आलं. त्यात तेल घालायचं मात्र राहून गेलं.

पिशवी म्हणजे दोन चौकोन आणि दोन बंद, असा सार्वत्रिक समज आहे. मशीनला तो मान्य नाही. बंद जोडतात तिथे कापडाचे पदरावर पदर येतात. ब्लाउजची ११ नंबरची सुई तिथे हात टेकते; १६ किंवा १८ नंबरची लागते. वरचा दोरा सैल राहिला की खाली गुंता. बंदाला चौकोन करून आत फुलीची टीप मारायची असते. हौशी कारागीर एकच ओळ मारून इस्त्री फिरवतात.

ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेच्या २०११च्या अहवालानुसार, एकदाच वापरलेल्या प्लॅस्टिक पिशवीशी हवामानाच्या हिशेबात बरोबरी करायला सुती पिशवी १३१ वेळा वापरावी लागते. वाणाची पिशवी दोन किलो कांद्यांतच मान टाकते. उरलेल्या १३० खेपा कुणाच्या खाती मांडायच्या?

पाहुण्या बायका मात्र हुशार. त्या पिशवीची तोंडभरून स्तुती करतात, घडी घालतात आणि पुढच्या वर्षी दुसरीच्या ओटीत टाकतात.