बॅचवाला

बॅचवाला राहतो बदलापूरला, नोकरी करतो अंबरनाथला आणि खरेदी करतो उल्हासनगरला. आनंदनगर एमआयडीसीतल्या कुठल्याशा केमिकल कंपनीत तो वर्षानुवर्षं रिॲक्टरवर असतो. तिथे बॅचा काढून काढून त्याची अशी गत झालेली असते, की बायकोने कढईत कांदा टाकला तरी तो आतून ओरडतो, "चार्जिंगची वेळ लिहून ठेव!"

खरं म्हणजे त्याला बिअर करायची होती. 2009 साली पुण्यात 'दूलाली' निघाली, ताजी बिअर जागेवर करून देतात असं कानावर आलं, आणि हा किडा डोक्यात शिरला. पण मेव्हणा निघाला वकील. त्याने 1949 चा दारूबंदी कायदा काढून समोर ठेवला. या राज्यात नुसतं प्यायलासुद्धा परवाना लागतो. एका दिवसाचा परवाना पाच रुपयांत मिळतो हे खरं, पण घरी बनवण्याचं पाच रुपयांत भागत नाही. त्यात हा पट्टा हातभट्टीवरच्या धाडींच्या बातम्यांचा. बाल्कनीतून वाफ निघाली तर सोसायटीचा वॉचमन आधी कोणाला फोन करील, हे सांगायला वकील लागत नाही. मग बॅचवाला आल्याच्या बिअरवर उतरला. ही नावापुरतीच बिअर. आलं ठेचून साखरेच्या पाण्यात उकळायचं, लिंबू पिळायचं, गार झालं की आलं-साखर घालून आठवडाभर पोसलेलं बरणीतलं विरजण त्यात मिसळायचं आणि बाटल्या भरायच्या. दोन दिवसांत फसफस धरते, की लगेच फ्रीजमध्ये. चढायच्या आत ती संपते.

हे विरजण म्हणजे त्याचं 'कल्चर'. गणपतीला कोकणात जाताना कुंड्या शेजाऱ्यांच्या भरवशावर सोडतो, पण कल्चरची बरणी स्वतःच्या मांडीवर घेऊन बसतो.

कोणी दोन लिटर करून गप्प बसलं असतं. हा वीस लिटर करतो. घरात माणसं चार, त्यांतल्या दोघांना आलं चालत नाही. पण "दोन लिटर ही लॅब ट्रायल झाली," असं त्याचं म्हणणं. त्यामुळे सुट्टीचा अख्खा दिवस जातो आणि त्या दिवशी घरात शेगडी, मोरी आणि नवरा यांपैकी काहीही मोकळं नसतं.

दिवस कुठे जातो हे त्याने बॅच शीटवर लिहून काढलेलं आहे. वीस लिटर पाणी घरच्या शेगडीवर उकळायला सव्वा ते दीड तास. ते गार व्हायला त्याहून कितीतरी जास्त. उरलेला वेळ धुण्यात. शेरा : 'सकाळी 6.10 चार्जिंग. 6.25 चहा. 6.40 नळाचं पाणी गेलं. डेव्हिएशन.'

पहिला हल्ला उकळण्यावर. दोन हजार वॅटचे दोन हीटर रॉड एकदम लावले. पाण्याआधी एमसीबी उडाला आणि आईची मालिका ऐन मोक्यावर बंद पडली. दुसरा हल्ला गार करण्यावर. उल्हासनगरच्या कॅम्पात फिरून एसी दुरुस्तीवाल्याकडून तांब्याच्या नळीचं पंधरा मीटरचं भेंडोळं आणलं, सोबत चाळीस लिटरचं स्टीलचं पातेलं. उल्हासनगरहून बदलापूर दुसरंच स्टेशन, पण संध्याकाळच्या लोकलमध्ये ते पातेलं घेऊन चढणं हा स्वतंत्र पराक्रम. लगेजच्या डब्यात एकाने विचारलं, "केटरिंग कुठलं तुमचं?" आणि लग्नाची तारीखही देऊन टाकली.

भेंडोळं पातेल्यात सोडून त्यातून नळाचं पाणी खेळवायचं, अशी योजना. पण मे महिन्यात बदलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो आणि गच्चीवरच्या टाकीतून येणारं पाणी हात पोळवतं. गार करणारंच गरम! शिवाय ते पाणी मोरीत वाहताना पाहून सेक्रेटरींनी फलकावर नोटीस लावली. तेवढ्यात आई डोकावली. "अरे, लिंबू पिळलेल्यात तांबं घातलंस? कळकेल की ते!" बॅचवाल्याने पीएच काढला, मान डोलावली आणि शीटवर लिहिलं : 'मटेरियल ऑफ कन्स्ट्रक्शन बदलणे.'

शेवटी तोडगा निघाला तो बायकोकडून, तोही वैतागून. "अहो, सत्यनारायणाला तीस माणसांचं सरबत करते, तेव्हा मी तीस माणसांचं पाणी उकळते का? पाक करते, पाणी नंतर घालते."

बॅचवाला दोन मिनिटं गप्प. मग कागद घेतला. आलं-साखर फक्त पाच लिटरमध्ये उकळायची. आदल्या रात्री उकळून गार केलेलं अकरा लिटर पाणी त्यात ओतायचं. तसल्याच पाण्याचा चार किलो बर्फ सोडायचा. गणित आलं पंचवीस अंशांच्या आत, म्हणजे कल्चर मिसळायला तयार. उकळायला वीस-पंचवीस मिनिटं, गार व्हायला बर्फ विरघळेपर्यंत. आलं आदल्या रात्रीच ठेचून ठेवायचं, आणि पाणी तापेस्तोवर बाटल्या धुऊन घ्यायच्या. दिवसाचं काम दीड तासावर आलं. दुसऱ्या दिवशी कंपनीत त्याने हे 'हाय ग्रॅव्हिटी मेथड' म्हणून सांगितलं. सरबताचा उल्लेख आला नाही.

आता तरी तो निवांत झाला असेल, असं वाटतं? वाचलेल्या वेळात त्याने चाकांचा स्टँड वेल्ड करून घेतला. मग पंप आला, पंपाला टायमर आला, टायमरला सेन्सर. बाल्कनीतली कपड्यांची दोरी हॉलमध्ये आली. बॅच दीड तासात होते, पण सेटअपच्या कामात सुट्टीचा दिवस पूर्वीसारखाच संपतो. कारण बॅचवाल्याला आल्याची बिअर फारशी आवडतच नाही. त्याला आवडतं ते यंत्र सुधारणं. कंपनीत एक व्हॉल्व्ह बदलायचा तर तीन सह्या लागतात. घरच्या पातेल्यावर सही त्याची एकट्याची.

तुमच्या सोसायटीत असा कोणी असेल, तर त्याने दिलेली बाटली प्लॅस्टिकचीच आहे ना, हे आधी पाहा. काचेची फुटते. बाटली बोटांनी दबेनाशी झाली की ताबडतोब फ्रीजमध्ये ठेवा आणि झाकण हळू उघडा. चव चांगली असते. पण तो "पाच मिनिटं वर या, सेटअप दाखवतो," म्हणाला, तर जेवूनच जा.