सर्कलला भेट

वर्तुळ शाळेत भेटतं, तेही कंपासपेटीतून. शाळा सुटली की नाशिककराची गाठ पडते ती सर्कलशी.

त्र्यंबक रोडने सातपूरकडे निघालात की आधी मायको सर्कल, मग एबीबी सर्कल. मायको कंपनीचं नाव २००८ साली बॉश झालं. कंपनीने पाटी बदलली, सर्कलने नाही. 'बॉश सर्कल' म्हणून बघा, रिक्षावाले मामा तुम्हाला मुंबईचा पाहुणा समजून भाडं सांगतील. आणि सर्कल गोल असावं अशी आमची अटही नाही. मधला गोल काढा, सिग्नल लावा, चारही बाजूंच्या गाड्या एकमेकींच्या अंगावर येऊ द्या, ते सर्कलच.

असलं सर्कल इंग्रजी शिकणाऱ्या एखाद्या चिनी पोराला कळायचं नाही, आपलं 'फ्रेंड सर्कल' मात्र चटकन कळेल. इंग्रज लोक 'सर्कल ऑफ फ्रेंड्स' म्हणतात, 'फ्रेंड सर्कल' हे आपलं देशी वाण. पण वीचॅटवर मित्रमंडळी जिथे फोटो टाकतात, त्या जागेचं चिनी नावही थेट 'मित्रवर्तुळ' असंच आहे. या एका बाबतीत बीजिंग आणि सिडको एका बाजूला!

तो पोरगा अडेल तो निफाड-दिंडोरीच्या बांधावर. तिथे सर्कल हा चौक नसतो, माणूस असतो. तलाठ्याने फेरफार धरला की ती नोंद प्रमाणित करणारे अधिकारी म्हणजे सर्कल. 'सर्कल रजेवर आहेत', 'सर्कल मीटिंगला गेलेत', 'सर्कल आत्ताच जेवायला बसले' ही तिथली रोजची वाक्यं. 'आत्ताच'चा अर्थ विचारू नका, तो वेगळा धडा आहे. सरकारी कागदावर 'मंडळ अधिकारी' असा चांगला मराठी शब्द छापलेला असतो. पण मंडळ म्हटलं की आम्हाला गणपती आठवतो आणि वर्गणीच्या धास्तीने दार लावून घ्यावंसं वाटतं. शिवाय वारसनोंदीसाठी माणूस इतक्या चकरा मारतो, की पदाचं इंग्रजी नाव त्याला मनापासून पटतं.

तेव्हा नाशिकला आलात आणि कुणी 'सकाळी सर्कलला भेटा' म्हणालं, तर आधी एवढंच विचारून घ्या: येताना हेल्मेट आणू की सात-बारा?