गोळीच्या खिडकीवरच सुई द्या

गोळ्या वेळेवर घेतल्या तर एचआयव्ही असलेला माणूस आता म्हातारा होऊ शकतो. तोवर त्याचं यकृतही टिकलं पाहिजे, आणि तिथेच आपण ढिले पडतो.

हिपॅटायटिस बी, म्हणजे आपल्याकडची ‘पांढरी कावीळ’, एचआयव्हीच्याच वाटांनी येते: रक्त, शरीरसंबंध, आईकडून बाळाला. तिचा विषाणू शरीराबाहेर 7 दिवस तग धरतो. 2009 मध्ये गुजरातेत मोडासा परिसरात पुन्हा पुन्हा वापरलेल्या सिरिंजांमुळे तिची साथ पसरली, माणसं मेली. त्या विषाणूचा अभ्यास पुण्याच्याच राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने केला.

हडपसरची सीरम इन्स्टिट्यूट हिपॅटायटिस बीची लस बनवते. भोसरीत 1992 पासून एड्सवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे. ससून रुग्णालयात एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरच्या औषधोपचारांचं, सेंटर आहे. एवढं सगळं असलेल्या शहरात एकही एचआयव्ही पॉझिटिव्ह माणूस हिपॅटायटिस बीच्या तपासणीवाचून आणि गरज असेल तर लशीवाचून राहता कामा नये. बाळांना ही लस देशभर मिळू लागली ती 2011 मध्ये. आज एआरटीच्या रांगेत उभी असलेली बहुतेक माणसं त्याच्या कितीतरी आधी जन्मली. त्यांनी ती घेतलेली असेल, असं कुणी गृहीत धरू नये.

पॉझिटिव्ह माणसाला नेहमीचे तीन डोस पुरतीलच असं नाही. प्रतिकारशक्ती खालावलेली असेल तर लस नीट लागत नाही. म्हणून अशांना दुप्पट मात्रा देतात आणि शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी रक्त तपासून अँटिबॉडी तयार झाल्या का ते बघतात. हा शेवटचा टप्पा कुणी गाळू नये.

तपासणी आणखी एका कारणासाठी हवी, आणि हे फार थोड्यांना ठाऊक असतं. एआरटीच्या रोजच्या गोळीत टेनोफोविर आणि लॅमिव्हुडिन असतात. ही दोन्ही औषधं हिपॅटायटिस बीलाही दाबून ठेवतात. कंटाळून कुणी गोळी सोडली, किंवा बीचं निदानच झालेलं नसताना औषध बदललं गेलं, तर दबलेली कावीळ उसळते आणि जीवावर बेतते. गोळी चुकवू नका, हे सांगताना समुपदेशकांनी हेही सांगावं. काविळीची माळ गळ्यात घालून आठवडे घालवणं तर या माणसांना मुळीच परवडणारं नाही.

हिपॅटायटिस सीवर लस नाही, पण बहुतेकांचा तो साधारण 12 आठवड्यांच्या गोळ्यांनी पूर्ण बरा होतो. 28 जुलै 2018 ला सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात हे उपचार मोफत आहेत. हिपॅटायटिस ए आणि ई दूषित पाण्यातून येतात. पिण्याचं पाणी दूषित झालं की काय होतं, हे 2025 च्या जानेवारीत जीबीएस (गुलेन-बॅरी सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या आजाराच्या साथीने सिंहगड रस्त्याला दाखवलंय. तिथे महापालिकेला उत्तर द्यावंच लागेल.

बुधवार पेठेत देहविक्री करणाऱ्या महिलांच्या सहेली संघातल्या बायकांनी दारोदार निरोध पोचवले. त्याच बायकांना सोबत घेतलं तर लसही पोचेल. आरोग्य खात्याकडे मागणी एवढीच: ज्या खिडकीवर गोळी मिळते तिथेच तपासणी व्हावी, तिथेच लस मिळावी, दुसऱ्या इमारतीची चिठ्ठी देऊ नये. एक दिवसाची मजुरी बुडवून आलेली बाई दुसऱ्यांदा येऊ शकत नाही. आणि तुम्ही स्वतः एआरटीवर असाल, तर पुढच्या फेरीला डॉक्टरांना विचारा: माझी हिपॅटायटिस बी आणि सीची तपासणी झाली आहे का? उत्तर ‘नाही’ असेल, तर त्याच दिवशी करून घ्या.