बंपर केवढ्याला?

आमच्या सोसायटीत कुणाची नवी गाडी आली की पेढ्यांच्या आधी काका हजर होतात. गाडीला हार घातलेला असतो, चाकांखाली लिंबं असतात, वहिनी बॉनेटवर कुंकवानं स्वस्तिक काढत असतात. काका एक प्रदक्षिणा घालतात, हेडलाइटपाशी थांबतात, त्यावर नखानं टकटक करतात आणि विचारतात, "एलईडी का?" मालक अभिमानानं हो म्हणतो. "म्हणजे आतला बल्ब बदलायचा प्रश्नच नाही. रिक्षा घासली की अख्खं युनिट." मग बंपरवरून हात फिरवत, "आणि हा केवढ्याला?"

मालकाला ऑन-रोड किंमत पाठ असते, हप्ता तो झोपेतही सांगेल. पण बंपरचा भाव विचारून कुणी गाडी घेतं का? काकांच्या मते तेवढंच विचारायचं असतं. गाडी एकदाच अख्खी विकत घ्यायची, पुढं दहा वर्षं तीच तुकड्यातुकड्यानं परत विकत घ्यायची, हा त्यांचा सिद्धांत.

असे एक काका हल्ली प्रत्येक पार्किंगमध्ये असतात. आमचे भोसरीच्या एका कारखान्यात परचेस खात्यात होते. निवृत्तीनंतर माणसं गीतेकडं वळतात, हे पार्ट नंबरांकडं वळले. त्यांच्या फोनमध्ये एक तक्ता आहे. उभ्या रांगेत कंपन्या, आडव्या रांगेत बंपर, हेडलाइट, साइडचा आरसा, क्लच सेट, पुढचे शॉकअप, ब्रेक पॅड. तो अद्ययावत ठेवायला ते डीलरच्या पार्ट काउंटरला फोन करतात. सोमवारी ते क्रेटाचे मालक असतात, मंगळवारी नेक्सॉनचे. नाना पेठेतले दुकानदार त्यांना ओळखून आहेत. भाव सांगतात, चहा विचारत नाहीत.

माणसांची नावं काकांच्या लक्षात राहत नाहीत, पण ती कुठल्या गाडीची हे राहतं. मारुतीवाल्याशी ते बरोबरीनं बोलतात. त्याचा भाग तालुक्याच्या गावातही मिळतो, चिंता नाही. जर्मन गाडीवाल्याला आधी त्याचा पगार अप्रत्यक्षपणे विचारतात. शेव्हर्ले २०१७ अखेर इथली विक्री थांबवून गेली आणि २०२१ मध्ये फोर्डनंही इथलं उत्पादन गुंडाळायचं जाहीर केलं, तेव्हापासून त्या गाड्यांच्या मालकांशी ते दहाव्याला आल्यासारखे बोलतात. "मिळतंय ना अजून सगळं?" मिळत असतं. पण त्या सुरामुळं बिचारा घरी जाऊन फोन लावून खात्री करतो.

काकांचा खरा आनंद मात्र पार्ट नंबर जुळवण्यात आहे. फियाटचं ते १.३ लिटरचं डिझेल इंजिन पुंटोत होतं, स्विफ्टमध्ये होतं, इंडिका व्हिस्टातही होतं. फियाट त्याला मल्टीजेट म्हणे, मारुती डीडीआयएस, टाटा क्वाड्राजेट. "तीन आडनावं, पोटातलं आतडं एक," असं म्हणून काका कुठला भाग कुणाच्या डब्यात स्वस्त ते सांगत. या छंदापायी एक संबंध मात्र बिघडला. 'बी' विंगमधल्या एकानं ग्लान्झा घेतली आणि सासुरवाडीला टोयोटा घेतल्याचं कळवलं. पूजा चालू असतानाच काका म्हणाले, "छान केलंत, सगळं बलेनोचं बसतं." बोलण्यात तसूभर खोटं नव्हतं. ग्लान्झा ही बिल्ला बदललेली बलेनोच. पण सासरे शेजारीच उभे होते.

"कंपनीचंच घाला" म्हणणाऱ्यांना काका २०१४ सालात नेतात. त्या वर्षी भारतीय स्पर्धा आयोगानं चौदा मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला होता. सुटे भाग खुल्या बाजारात येऊ देत नाहीत, बाहेरच्या मेकॅनिकची कोंडी करतात, हा ठपका. पुढं अपिलं झाली. काका ती रक्कम अशी उच्चारतात की त्यातला काही हिस्सा त्यांना येणं असावा. गॅबरिएलचे शॉकअप किंवा बॉशचा फिल्टर कंपनीच्या डब्यातून निघाला की महाग आणि स्वतःच्या डब्यातून निघाला की स्वस्त, हे ते पोरांना गोष्टीसारखं सांगतात. यात मी त्यांच्या बाजूचा आहे. सव्वाशे रुपयांचा रबरी बुश झिजला म्हणून "सुटा येत नाही साहेब, पूर्ण आर्मच घ्यावा लागेल" हे वाक्य ज्यानं ऐकलंय, तो काकांच्या बाजूचाच होतो.

विम्यावर त्यांना बोलू देऊ नये. साध्या पॉलिसीत रबर, नायलॉन, प्लास्टिकला पन्नास टक्के घसारा, फायबरला तीस, धातूला वयाप्रमाणं आणि काचेला शून्य, हा पाढा ते एका दमात म्हणतात. पलीकडच्या मुलाला गाडी शिकवताना त्यांनी दिलेला सल्ला असा होता: "ठोकायचीच वेळ आली तर काच बघून ठोक रे बाळा. बंपर निम्मा आपल्या खिशातून जातो."

गेल्या वर्षी, २०२५ मध्ये, २२ सप्टेंबरपासून सुट्या भागांवरचा जीएसटी सरसकट अठरा टक्क्यांवर आला. त्याआधी बऱ्याच भागांवर अठ्ठावीस होता. दिवस घटस्थापनेचा. छोट्या गाड्यांचाही कर उतरला होता, त्यामुळं लोक शोरूमबाहेर रांगा लावून होते. काका पिशवी घेऊन नाना पेठेत गेले आणि वायपरची जोडी, दोन लिंक रॉड नि एक एअर फिल्टर घेऊन आले. काकूंनी ते घटाशेजारी ठेवू दिलं नाही.

त्यांची स्वतःची गाडी म्हणजे कव्हराखाली झाकलेली मारुती आठशे. तिचं काहीच मोडत नाही, कारण ती बाहेरच पडत नाही. कुठं जायचं झालं तर काका पीएमपीनं जातात.

परवा काकूंना गुडघा बदलायला सांगितला. काका तक्ता घेऊनच दवाखान्यात गेले. डॉक्टरांना त्यांचा पहिला प्रश्न, "नुसता बुश बदलता येईल, की असेंब्लीच?" डॉक्टर बहुधा गाडीवाले असावेत. म्हणाले, अर्धा बदलायची सोय असते, पण यांची दोन्ही बाजूंची झीज आहे, असेंब्लीच घ्यावी लागेल. मग किंमत. तेव्हा कळलं की गुडघ्याच्या इम्प्लांटला सरकारनं २०१७ मध्येच कमाल किंमत बांधून दिली आहे. काका खुर्चीत सावरून बसले. काकूंकडं वळून म्हणाले, "बघ! गुडघ्याला आहे, हेडलाइटला नाही!"

काकू म्हणाल्या, "लेबर किती ते विचारा आधी."